रोलिंग स्टोन्सची गिटार सोलापुरात वाजवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर गिटार घेऊन जमणारी मुलंमुली आणि फोनवर विचारणारी त्यांची मित्रमंडळी, यांचे हे प्रश्न आहेत. बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं. कॉर्ड पाठ असतात, बोटं बरोबर पडतात, तरी रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्यासारखं वाजत नाही. याचं बरंचसं उत्तर तारा कशा लावल्या आहेत यातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सी आणि एफ अगदी स्वच्छ दाबतो, तरी ‘स्टार्ट मी अप’ तसं का वाजत नाही?

कारण ते गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमधलं नाही. कीथनं ते ओपन जीमध्ये, म्हणजे मोकळ्या ताराच जी मेजर कॉर्ड देतील अशा लावणीत वाजवलं आहे, तेही पाचच तारांवर. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सीवरून एफवर जाताना अख्खा पंजा उचलावा लागतो आणि मध्ये सूर तुटतो. ओपन जीमध्ये तर्जनी पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) आडवी तशीच राहते, वरून फक्त दोन बोटं टेकतात आणि उठतात. खालचा सी बुडासारखा वाजत राहतो, त्यावर एफ येतो आणि जातो. तुम्हाला जो ठसका ऐकू येतो तो या दोन बोटांचा आहे.

या गाण्याची एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. आधी ते रेगेच्या चालीवर पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं आणि बाजूला ठेवून दिलं होतं. पुढे १९८१ मध्ये त्यातलाच रॉकचा एक टेक बाहेर काढून त्यांनी अल्बममध्ये घेतला. तुमचा ठेका आज बसला नाही म्हणून गाणं सोडून देऊ नका.

ओपन जी लावायचं कसं? तार तुटणार नाही ना?

तुटणार नाही, कारण एकही तार चढवायची नाही. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार, ईवरून डीवर उतरवा, पाचवी एवरून जीवर, आणि पहिली ईवरून डीवर. चौथी, तिसरी, दुसरी जिथल्या तिथे. खालून वर वाचलं तर डी-जी-डी-जी-बी-डी. आता कुठंही बोट न लावता हात फिरवा, पूर्ण जी मेजर वाजेल.

उतरवताना एक काळजी घ्या. आधी हव्या त्या सुराच्याही थोडं खाली न्या आणि तिथून वर आणून थांबा. वरून खाली येऊन थांबलात तर नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत तार अडकलेली राहते आणि दोन गाण्यांनंतर आपोआप उतरते. खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली की तार सुळकन सरकते.

ओपन ई मात्र जपून लावा. त्यात पाचवी, चौथी आणि तिसरी तार वर चढवावी लागते, आणि स्वस्त अकूस्टिकच्या ब्रिजवर तो ताण नको. त्याऐवजी सगळं खाली उतरवून ओपन डी करा, म्हणजे डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी, आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा आडव्या दाबून धरणारा चिमटा, लावा. सूर तेच मिळतात, गिटार सुखात राहते.

सहावी तार खरंच काढून टाकायची?

महिनाभर तरी काढून बघा. ओपन जीमध्ये सहावी तार डी असते, म्हणजे जीचा पंचम. जोरात हात फिरवला की सगळ्यात जाड आवाज पंचमाचा येतो आणि कॉर्डचं बूडच सरकतं. ती काढली की सगळ्यात खाली षड्ज येतो. शिवाय खालचा पट्टा बास गिटारला मोकळा मिळतो. कीथनं हे पाच तारांचं ओपन जी १९६८च्या सुमारास राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाकडून उचललं. पुढची पन्नासहून जास्त वर्षं स्टोन्सच्या कित्येक गाण्यांचा पाया तोच आहे.

आमच्याकडे सगळे पेटीवर शिकलेले. सरगममध्ये सांगता येईल का?

येईल, आणि मला तर असंच सांगायला आवडतं. जी म्हणजे पांढरी पाच. तिला सा धरा. पाच तारा मग अशा लागतात: सा, प, सा, ग, प. पंचमात लावलेला तानपुरा ज्यानं मांडीवर घेतलाय त्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. फरक गांधाराचा. चांगल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप निघतो, इथं त्याला स्वतःची तार दिलेली आहे.

याच तारेवर गाणाऱ्यांचे कान अडतात आणि ते बरोबरच असतं. ट्यूनरवर बी हिरवा दाखवतो, तरी मोकळ्या कॉर्डमध्ये तो ग चढा लागतो. ट्यूनर बारा समान भागांच्या हिशेबानं सूर देतो. त्या हिशेबाचा ग आपल्या तानपुऱ्यातल्या गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट वर असतो, आणि १०० सेंट म्हणजे एक अर्धा स्वर. म्हणून दुसरी तार कानानं किंचित उतरवा. पूर्ण १४ सेंट मात्र उतरवू नका, कारण त्याच तारेवर पुढच्या फ्रेटला मध्यम घ्यायचाय आणि मग तो उतरलेला लागेल. मी पाच-सहा सेंटवर थांबते.

तर्जनीवर टेकणारी ती दोन बोटं नेमकी कुठं?

तर्जनी ज्या फ्रेटवर आडवी असेल त्याच्या पुढच्या फ्रेटला, दुसऱ्या तारेवर मधलं बोट. आणखी एक फ्रेट पुढे, चौथ्या तारेवर अनामिका. पाचव्या फ्रेटचं उदाहरण घ्या: तर्जनी पाचवर, मधलं बोट सहावर, अनामिका सातवर.

सुरांत बघितलं की हे कायमचं लक्षात राहतं. आधी सा-प-सा-ग-प होतं. दोन बोटं टेकली की गचा म होतो आणि खालच्या पचा ध, म्हणजे सा-ध-सा-म-प. म, ध आणि सा मिळून मध्यमाचा मेजर कॉर्ड होतो, आणि त्याच्या खाली सा हललेलाच नाही. सगळ्यात वरचा प थोडा खटकतो. तो वाजू द्यायचा की पहिली तार चुकवायची हे गाण्यावर ठरवा. मी संथ गाण्यात वाजू देते, जलद गाण्यात चुकवते.

बोटं तिरकी पडतात, हातोडीसारखी एकदम. उचलताना दोन्ही एकाच वेळी उचला. आमच्याकडच्या एका मुलाची अनामिका नेहमी मागे रेंगाळायची. मी त्याला दोन आठवडे गाणं दिलंच नाही, फक्त टेक-उचल, टेक-उचल, साठच्या लयीत. तिसऱ्या आठवड्यात त्यानं तीच हालचाल तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर केली आणि गच्चीवरचे सगळे एकदम वर बघायला लागले, कारण गाणं ओळखू आलं.

सेव्हन्थ हवा असेल तर करंगळी पहिल्या तारेवर, तर्जनीच्या तीन फ्रेट पुढे. कोमल निषाद मिळतो.

मग मायनर कॉर्ड?

ओपन जीची ही अवघड बाजू आहे, कारण शुद्ध गांधार तारेतच बसलाय. दुसरी तार बाकीच्यांपेक्षा एक फ्रेट मागे दाबावी लागते. ए मायनरसाठी पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत फ्रेट असे: २-२-२-१-२. ई मायनरची सोय त्यातल्या त्यात बरी आहे: चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर, तिसरी आणि दुसरी मोकळी, पहिली दुसऱ्या फ्रेटवर, पाचवी वाजवायची नाही. घाईत असाल तर दुसरी तार नुसती हलकी झाकून बंद करा. ना मेजर ना मायनर, पण गाणारा जो गांधार घेईल तो चालून जातो.

कोणत्या गाण्याला काय लावायचं?

‘हॉन्की टॉन्क विमेन’ (१९६९) ओपन जी, कॅपो नाही. सुरुवात यानंच करा, सी पाचव्या फ्रेटला, डी सातव्याला, ए दुसऱ्याला.

‘ब्राउन शुगर’ (१९७१) ओपन जी. सुरुवातीचा तुकडा आठव्या, पाचव्या, पहिल्या, तिसऱ्या आणि परत पाचव्या फ्रेटवर फिरतो.

‘टम्बलिंग डाइस’ (१९७२) ओपन जी, चौथ्या फ्रेटवर कॅपो. म्हणजे सा येतो पांढरी सातवर. कॅपो लावला की परत एकदा सूर तपासा, रबर तारा थोड्या ताणतंच.

‘सॅटिस्फॅक्शन’ (१९६५), ‘एंजी’ (१९७३) आणि ‘बीस्ट ऑफ बर्डन’ (१९७८) ही तिन्ही साध्या ट्यूनिंगमध्ये. सगळं स्टोन्स ओपन जीमध्ये असतं असा समज करून घेतलेली मुलं ‘एंजी’च्या ए मायनरवर उगाच झगडत बसतात.

‘वाइल्ड हॉर्सेस’ (१९७१) मध्ये एक गिटार नॅशव्हिल पद्धतीनं लावलेली आहे. तिच्यात खालच्या चार जाड तारांच्या जागी बारीक तारा घालून त्या एक सप्तक वर लावतात. त्यामुळे तो काचेसारखा किणकिणता आवाज येतो.

ओपन जी बँजोवरून आलं म्हणतात. आपला बेंजो का?

नाही. आपल्या वरातीत आणि मिरवणुकीत वाजतो तो बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं बुलबुल तरंग. इथं म्हणतात तो अमेरिकन पाच तारांचा, कातडं ताणलेला बँजो. त्याच्या नेहमीच्या लावणीतही जी, बी आणि डी हेच सूर असतात, आणि ही लावणी गिटारला त्याच्याच जवळची.

माझ्याकडे फक्त अकूस्टिक आहे. काही उपयोग?

पुष्कळ उपयोग आहे. १९६८चं ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’ ऐका. त्यात बास सोडला तर इलेक्ट्रिक गिटार नाहीच. कीथनं अकूस्टिक गिटार एका छोट्या फिलिप्स कॅसेट रेकॉर्डरसमोर वाजवली, आवाज मुद्दाम इतका भरला की यंत्र गुदमरलं, आणि त्या गुदमरण्यातूनच तो करकरीत आवाज आला.

हे घरी करून बघताना मोबाइलचा नेहमीचा रेकॉर्डर वापरू नका. मोठा आवाज आला की तो आपोआप दाबतो, त्यामुळे फाटण्याऐवजी आवाज नुसता चपटा होतो. हातानं लेव्हल वाढवता येईल असं अॅप घ्या, फोन गिटारच्या भोकापासून वीतभर अंतरावर ठेवा, आणि लाल दिव्याच्या थोडं पुढे जा. आमच्या जुन्या घरात एक बंद पडलेला टेपरेकॉर्डर होता. तो दुरुस्त करून हाच प्रयोग केला तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की मी चार वर्षं असा आवाज देणारं पेडल शोधण्यात उगाच घालवली होती.

टेलिकास्टरच घ्यावी लागेल का?

नाही. कीथची सगळ्यात प्रसिद्ध गिटार ‘मिकॉबर’ ही १९५०च्या दशकातली फेंडर टेलिकास्टर, आणि नाव डिकन्सच्या एका पात्राचं. तिच्यात मानेकडे हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग), बसवलेला आहे. ब्रिजकडचा आवाज कडक, मानेकडचा भरीव, आणि दोन्ही मिळून कॉर्डचे सूर वेगवेगळे ऐकू येतात. तुमच्या गिटारीला ब्रिजकडे सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याचा पिकअप, असेल तर यामाहा, स्क्वायर, काहीही चालेल. घेताना मान सरळ आहे का आणि खुंट्या पक्क्या आहेत का ते बघा, रंग नंतर. सोलापुरात इलेक्ट्रिक गिटार मोजक्याच बघायला मिळतात, म्हणून पुण्याला जाऊन हातात घेऊनच घ्या. सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परत येता येतं. घरपोच मागवलेली माझी पहिली गिटार मान पिळवटलेली आली आणि ती बदलून मिळायला दोन महिने गेले.

तारा कोणत्या जाडीच्या?

पाच तारांसाठी पहिलीपासून ११, १५, १८, ३०, ४२ (इंचाच्या हजाराव्या भागांत). नेहमीचा नऊचा संच उतरवला की तारा लोळतात, जोरात हात मारला की सूर वर चढून खाली येतो. संचात नेमके हे आकडे मिळाले नाहीत तर अकराचा संच घेऊन सहावी बाजूला ठेवा, जवळपास तेच जमेल.

अॅम्पमधून सतत गुणगुण येते. गिटार खराब आहे का?

बहुधा नाही. सिंगल कॉइल पिकअप वायरीतली वीज ऐकतो. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मोटार, सगळं त्याला ऐकू येतं. आमचं घर पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग. माग सुरू झाले की माझ्या अॅम्पमध्ये मोटारी येऊन बसायच्या. उभं राहून हळूहळू फिरा, एका दिशेला गुणगुण अगदी कमी होते. तिथं खुर्ची मांडा.

एक गमतीशीर हिशेब सांगते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. ओपन जीमधली पाचवी तार, म्हणजे आपला सा, वाजते ९८ हर्ट्झला. गुणगुण तुमच्या षड्जाच्या अगदी खेटून, किंचित चढी असते, आणि दोन्ही एकत्र ऐकले की सेकंदाला दोनदा लाट उठते. मुलं म्हणतात तार लागत नाही. तार लागलेली असते. लावताना अॅम्प बंद करा.

सोलापूरच्या उन्हात गिटारीचं काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण एक अकूस्टिक मी स्वतःच्या हातानं घालवली आहे. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. मी ती पत्र्याच्या खोलीत, केसमध्ये, तारा ताणलेल्या, दोन दिवस ठेवली आणि लग्नाला अक्कलकोटला गेले. परत येऊन केस उघडली तर ब्रिजच्या मागच्या बाजूला नख जाईल एवढी फट. डिंक मऊ झाला होता आणि तारांनी ब्रिज उपसून घेतला होता. आतून लाकडाचा कोरडा, पांढरट पापुद्रा दिसत होता.

पत्र्याखाली, गच्चीवर, बंद गाडीत गिटार ठेवू नका. गावाला जाताना तारा दोन स्वर उतरवा. आपलं ऊन कोरडं आहे, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाजूनं बोचायला लागतात. केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवा, पाणी पिळून काढलेलं असू द्या. भिंतीला टांगायची तर उत्तरेच्या. वरून जुनी सोलापुरी चादर घातली तर धूळही बसत नाही. पावसाळ्यात स्पंज काढून टाका.

फझ पेडल घेऊ का?

एका गाण्यासाठी नको. ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये मेस्ट्रो फझ-टोन हे आवाज फाडणारं पेडल आहे, आणि कीथनं तो आवाज केला होता पुढे त्या जागी तुताऱ्या-सॅक्सोफोन कसे वाजतील ते दाखवण्यासाठी. तो कच्चा आराखडाच तसा प्रसिद्ध झाला. एरवी त्यांचा आवाज म्हणजे फाटण्याच्या काठावरचा अॅम्प: हलका हात लावला तर स्वच्छ, जोरात मारला तर खरखरीत. घरी लहान अॅम्प असेल तर एक साधं ओव्हरड्राइव्ह, गेन घड्याळातल्या नऊच्या काट्यावर. जास्त गेन लावलात की ती दोन बोटं चिखलात बुडतात.

आमच्या बँडमध्ये दोन गिटारवादक आहेत. दोघंही तेच वाजवतात. काय करू?

मिक टेलर १९६९ ते १९७४ बँडमध्ये होता, तेव्हा कामं बरीच वाटलेली होती, कीथचा ठेका आणि टेलरची लांबलचक सुरावट. १९७५ मध्ये रॉनी वुड आला आणि ती वाटणी मोडली. दोघंही ठेका वाजवतात, दोघंही मध्येच सुरावट घेतात, एकमेकांच्या मोकळ्या जागेत शिरतात. कीथ त्याला विणकाम म्हणतो.

सोलापुरात हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. माझे आजोबा हातमागावर बसायचे. ताणा आधी भरून घ्यायचा, तो ताठ आणि न हलणारा. मग धोटा या बाजूनं त्या बाजूला. धोटा जायला ताण्याचे अर्धे धागे वर उचलावे लागतात आणि मध्ये वाट उघडते. वाट उघडली नाही तर धोटा धाग्यांतच अडकतो. तुमच्या दोन गिटारींत आत्ता तेच होतंय.

‘बीस्ट ऑफ बर्डन’ हेडफोन लावून ऐका आणि कागदावर दोन रकाने करा. कोण कधी थांबतं तेवढंच लिहा. मग स्वतः वाजवताना एकानं नटजवळचे कॉर्ड घ्यावेत, दुसऱ्यानं सातव्या फ्रेटच्या वर जावं. एक ओपन जीमध्ये, दुसरा साध्या ट्यूनिंगमध्ये असेल तर आणखी छान. तोच जी दोघांच्या हातून वेगळ्या क्रमाने येतो. आणि ड्रमवाल्याला चार्ली वॉट्स बघायला सांगा. स्नेअरवर काठी पडायची तेव्हा त्याचा हाय-हॅटवरचा हात उचललेला असायचा. तिथंही जागा सोडलेली आहे.

मंडपात वाजवताना माइकला ओठ लागला की झटका बसतो. का?

गिटारचा अॅम्प एका जोडणीवर आणि माइक दुसऱ्या, त्यातल्या एकीला अर्थिंग नाही. हात तारांवर, ओठ माइकवर, आणि मधली तार तुम्ही. गणपतीत मला एकदा असा झटका बसला की गाण्याची ओळच विसरले. हे सहन करायचं काम नाही, यात जीव जाऊ शकतो. सगळं सामान एकाच तीन पिनच्या, अर्थिंग तपासलेल्या बोर्डावर घ्यायला लावा, आणि इलेक्ट्रिशियन नाही म्हणाला तर त्या दिवशी वाजवू नका.

‘पेंट इट ब्लॅक’ची सतार गिटारवर येईल का?

सूर येतील, जवारी, म्हणजे सतारीचा तो झणझणता नाद, येणार नाही. १९६६ मध्ये स्टोन्सच्याच ब्रायन जोन्सनं ती खरी सतारच वाजवली होती. मिरज आपल्यापासून एका गाडीच्या अंतरावर आहे, आणि तिथल्या वाद्यांचे भोपळे आपल्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात. ओळखीत कुणाकडे सतार असेल तर त्यालाच बँडमध्ये घ्या.

स्टोन्स भारतात कधी आले होते?

एप्रिल २००३ मध्ये, बेंगळुरू आणि मुंबई.

काढलेली सहावी तार टाकून देऊ का?

नको. वेटोळं करून, तेलाचं बोट फिरवून, कागदाच्या पाकिटात घाला आणि वर तारीख लिहा. पुढच्या रविवारी ‘एंजी’ घ्यायचंय, त्यात ती लागणार आहे.